जग आपल्या अंगणात, दुपारी चार ते सहा

'आंतरराष्ट्रीय संस्कृती दिन साजरा करावा' असं पत्रक वरून आलं असेल, तर घाबरू नका. पुण्यात हे सोपं आहे. परदेशी मुलं इथे आधीपासूनच आहेत, फक्त त्या दिवशी दिसायला हवीत. कॉलेज-विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीला चार फोटो लागतात. त्या चार फोटोंच्या अधेमधे जे काही होईल, तो कार्यक्रम.

आधी झेंडे. कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला नेटवरून काढून छापून देतो. तो एवढंच विचारेल की अफगाणिस्तानचा कुठला छापू? 2021 पासून काबूलवर पांढरा झेंडा आहे आणि आपला एम.ए.चा मुलगा काळा-लाल-हिरवा घेऊन बसलाय. त्याला विचारायला जाऊ नका. तो बोलायला लागला की संध्याकाळ होते. पांढऱ्याला शाई कमी लागते, एवढं लक्षात ठेवा.

आफ्रिकेला एक टेबल पुरे. देश 54 आहेत हे खरं, पण मांडववाल्याकडे टेबलं सहाच आहेत. टांझानियाची मुलगी चपातीला चपातीच म्हणते आणि दुकानाला 'दुका'. हे तिला माईकवर सांगू देऊ नका, लोकांना मग परदेशी काही पाहिल्यासारखं वाटत नाही. इथिओपियाच्या मुलाचा इंजेरा म्हणजे टेफच्या पिठाची आंबवलेली, थाळीएवढी आंबोळी. पाटीवर मात्र 'आफ्रिकन डोसा' लिहा. त्यांच्या वर्षात तेरा महिने असतात, असं तो सांगेल. त्यावर निवेदकाला दुष्काळातला तेरावा महिना आठवेल, आणि तो बोलूनही दाखवेल. निवेदक कुलसचिवांचा भाचा असल्यामुळे आपण हसायचं.

येमेनचा एक मुलगा असतो. एडनचा. 1839 मध्ये इंग्रजांनी एडन जिंकून मुंबई इलाख्याला जोडलं, आणि पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेले वासुदेव बळवंत फडके 1883 मध्ये त्याच एडनच्या तुरुंगात वारले. म्हणजे या मुलाच्या गावाशी आपलं नातं आहे, आणि तेही साधंसुधं नाही. पण हे कार्यक्रमपत्रिकेत कुठे बसवणार? त्याला उंटाबद्दल दोन शब्द बोलायला सांगा.

सत्काराला शाल-श्रीफळ हवंच. 'ही आमची संस्कृती' म्हणून इराणी मुलीच्या खांद्यावर शाल घाला. शाल हा शब्दच फारसी आहे हे तिला माहीत असतं. ती सोसते बिचारी. तिचा नवरोज मार्चमध्ये, आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. दोन्ही नववर्षं एकत्र करता आली असती, पण त्या दिवशी तिची अंतर्गत परीक्षा आहे आणि पाडव्याला आपल्याला सुट्टी.

प्रमुख पाहुणे निवडताना थोडं डोकं चालवा. ज्यांचे विद्यापीठाजवळ तीन-चार फ्लॅट आहेत असे गृहस्थ उत्तम. 'वसुधैव कुटुंबकम्' त्यांना पाठ असतं, आणि 'फक्त फॅमिलीला, शाकाहारी, परदेशी नकोत' ही पाटीही त्यांचीच असते. भाषण चालू असताना इंजेरावाल्या मुलाकडे पाहू नका. गेल्या महिन्यात तो त्यांच्याच जिन्यावरून परत आलाय.

भाषांतराची मात्र काळजी नको. एडनच्या मुलाला कार्यालयातलं मराठी आपल्यापेक्षा लवकर समजतं. तारीख, मुदत, हरकत, हजर, गैरहजर, दफ्तर, सही: निम्मी खिडकी अरबीच बोलते. पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं होतं, आपण घरीच आहोत. मग कळलं की शब्द तेच आहेत, काम मात्र होत नाही.

आता शेवटचा फोटो. सगळ्यांना फेटे बांधा, परदेशी मुलांना पुढच्या रांगेत उकिडवं बसवा, मागे कर्मचारी उभे करा. परदेशी विद्यार्थ्याला इथे उतरल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते, आणि एडनहून नुकत्याच आलेल्या आपल्या मुलाच्या धाकट्या भावाचा आज तेरावा दिवस आहे. त्याला बोनाफाइड हवंय. सकाळपासून खिडकी बंद, कारण खिडकीवरचे भाऊसाहेब येमेनचा झेंडा हातात धरून त्याच्याच मागे उभे आहेत.

त्याने मान वळवून विचारलं, तर फोटो हलेल.

"आज कार्यक्रम आहे ना," भाऊसाहेब ओठ न हलवता म्हणतील, "उद्या या."

उद्या रविवार.