राक्षस बोलावताना टोपी घालू नये

तुम्हाला कोणाबद्दल तरी काहीतरी वाटतं आहे. काय वाटतं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, फक्त तोंडाने म्हणायची सोय नाही. अशा वेळी सरळ त्या माणसासमोर जाऊन बोलण्याचा आचरटपणा करू नका. त्यात नकार मिळू शकतो, आणि मिळाला तर तो आपल्यालाच मिळतो. युरोपातल्या जाणकारांनी याहून बरी व्यवस्था लावून ठेवली आहे. वासनेसाठी त्यांनी एक राक्षसच नेमला. नाव अस्मोडियस, इंग्रजी मंत्रपोथ्यांत अस्मोडे. इच्छा तुमची, सही त्याची.

मात्र बोलावण्याआधी, स्थळाची करतो तशी चौकशी करा.

घराणं जुनं आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे नाव अवेस्तेतल्या ‘एश्म दएव’वरून आलं. पारशांच्या धर्मग्रंथातला हा एश्म क्रोधाचा राक्षस, वासनेचा नव्हे. (आपले देव त्यांच्याकडे दएव, म्हणजे राक्षस, कसे झाले ती भाऊबंदकी आज उकरायला नको.) पुढे तो सापडतो तोबीतच्या ग्रंथात, जो कॅथलिकांच्या बायबलात आहे आणि प्रोटेस्टंटांच्या नाही. एकबताना नगरातल्या साराची सात लग्नं झाली आणि सातही नवरे याने पहिल्याच रात्री मारले. दासीने ठपका ठेवला तो अर्थात सारावर. आठवा नवरा तोबिया. सासरे रगुएल असे व्यवहारी, की जावई आत गेल्यावर त्यांनी रातोरात कबर खणून घेतली. उगाच चार लोकांत बभ्रा नको. पण तोबियाने देवदूताच्या सल्ल्याने धुपाच्या निखाऱ्यांवर माशाचं हृदय आणि यकृत टाकलं. तो वास नाकात जाताच राक्षस जो पळाला, तो थेट वरच्या इजिप्तपर्यंत. सासरेबुवांना उजाडायच्या आत खड्डा बुजवून घ्यावा लागला.

यातून तुमच्या कामाची सूचना एवढीच: ज्या घरात रविवारी बांगडे भाजले जातात तिथे हा पाहुणा उंबरा ओलांडणार नाही. विधीसाठी शुद्ध शाकाहारी सोसायटी बघा. अशा सोसायट्या हल्ली मुबलक आहेत.

वासनेचं खातं त्याला रीतसर मिळालं ते १५८९ मध्ये. जर्मनीतल्या ट्रिअरचे सहायक बिशप पेटर बिन्सफेल्ड हे चेटकिणींवरच्या खटल्यांचे खंदे पुरस्कर्ते. त्यांनी सात महापापं सात राक्षसांना वाटून दिली. क्रोध सैतानाकडे गेला, वासना अस्मोडियसकडे आली. मूळचा क्रोध खात्यातला माणूस, त्याची बदली झाली. स्वतः अर्ज केल्याचं दिसत नाही. आपल्याकडेही मुद्गलपुराणात कामासुर आहे, पण त्याला गणपतीने विकट अवतार घेऊन नमवला आणि प्रकरण मिटलं. त्याला बोलावून कामाला लावावं, हे आपल्याला सुचलं नाही. तिथे आपण मागे पडलो.

आता पोथी. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जुळवलेल्या ‘गोएतिया’त ७२ राक्षसांची यादी आहे: राजे, ड्यूक, प्रिन्स, मार्क्विस, अर्ल, अध्यक्ष, नाइट. प्रत्येकाच्या हाताखाली सैन्याच्या तुकड्या, अगदी मोजून. नरकातही सरंजामशाहीच आहे हे वाचून युरोपातल्या जहागीरदारांना केवढा धीर आला असेल! आपला अस्मोडे ३२ वा, हुद्दा राजा, तुकड्या ७२. त्याला तीन डोकी: एक वळूचं, एक माणसाचं, एक एडक्याचं. शेपूट सापाची, पाय हंसासारखे पडदेवाले, तोंडातून आग, बसायला ड्रॅगन, हातात निशाण लावलेला भाला. वळू आणि एडका कशासाठी पाळतात हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. त्यामुळे प्रतीक कोड्यात टाकणारं नाही. कोडं मधल्या डोक्याचं आहे. तीन डोक्यांपैकी बोलतं कोणतं, हे पोथी सांगत नाही. तुम्ही आपलं माणसाचं समजा. सगळे तसंच समजतात.

आणि तो देतो काय? इथे जरा खाली बसून वाचा. तो अंकगणित शिकवतो. भूमिती शिकवतो, खगोलशास्त्र शिकवतो, झाडून सगळे हस्तव्यवसाय शिकवतो. गुणांची अंगठी देतो, खजिन्याची जागा दाखवतो. प्रेम, शय्या, वशीकरण, यांतलं त्याच्या नोंदीत अवाक्षर नाही. बाहेर पाटी वासनेची आणि आत गणिताची शिकवणी. ज्यांना प्रेमच हवं आहे त्यांनी दुसऱ्या खिडकीवर जावं: १२ वा सित्री, डोकं बिबट्याचं, पंख ग्रिफिनचे (म्हणजे अर्धा गरुड, अर्धा सिंह अशा प्राण्याचे), तो स्त्री-पुरुषांना एकमेकांसाठी पेटवतो, नाहीतर १९ वा सालोस, मगरीवर बसून येणारा शिपाईगडी आणि स्वभावाने शांत. पण हे दोघे अस्मोडेइतके प्रसिद्ध नाहीत, आणि आपल्याला लफडंदेखील नावाजलेल्या राक्षसाच्या शिफारशीने हवं असतं.

या यादीचं मूळही सांगून टाकतो. १५७७ मध्ये योहान वायर नावाच्या वैद्याने ती छापली. चेटकीण म्हणून जाळल्या जाणाऱ्या बायका आजारी असतात, असं लिहायची हिंमत दाखवणारा हा माणूस. यादी त्याने छापली ती मांत्रिकांचा मूर्खपणा चव्हाट्यावर आणायला, आणि कोणी प्रयोग करू नये म्हणून काही भाग मुद्दाम गाळून. पुढच्या शतकातल्या मांत्रिकांनी ती कृतज्ञतापूर्वक उचलली आणि कामाला लावली. उपरोधाचं हे असंच होतं. म्हणून या लेखातही एक महत्त्वाची पायरी मी गाळली आहे. कोणती ते विचारू नका.

तयारीला लागा. वर्तुळ नऊ फुटांचं. त्यापासून दोन फूट सोडून तीन फुटांचा त्रिकोण, राक्षसाने उभं राहायला. म्हणजे एका दिशेने १४ फूट मोकळी जमीन. मुंबईकरांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल. मग राक्षसाची मुद्रा, म्हणजे त्याचं चिन्ह कोरलेला पत्रा. राजाची मुद्रा सोन्याची लागते, ड्यूकची तांब्यात भागते, नाइटची शिशात. सोन्याचा आजचा भाव पाहता नाइटच्या प्रेमात पडणं परवडतं. कमरेला तीन इंच रुंद सिंहाच्या कातड्याचा पट्टा हवा. तो मिळवताना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा राक्षसाहून कडक आहे हे ध्यानात असू द्या. चंद्र वाढता आणि तिथी सम. वेळही ठरलेली: राजेलोकांना सकाळी ९ ते दुपारी १२ आणि मग ३ ते सूर्यास्त एवढ्यातच बांधता येतं. मधले तीन तास पुण्यातल्या दुकानासारखे. रात्री, जेव्हा तुम्हाला त्याची खरी गरज असते, तेव्हा कचेरी बंद. त्याशिवाय याच परंपरेतल्या, गोएतियासारख्याच बायबलातल्या राजा सॉलोमनच्या नावावर खपणाऱ्या दुसऱ्या एका पोथीत विधीआधी उपास आणि कडक ब्रह्मचर्य सांगितलं आहे. वासनेचा राक्षस यावा म्हणून वासना सोडायची. इतकी साधना जमली तर बोलवायचं कशाला, असं काही शंकेखोर विचारतात. त्यांना वर्तुळाबाहेर बसवावं.

आता टोपीचं. अस्मोडे समोर असताना उभं राहावं आणि डोकं उघडं ठेवावं, अशी पोथीची सक्त ताकीद आहे. टोपी घातलीत तर अमायमॉन, म्हणजे अस्मोडेचा वरिष्ठ, तुम्हाला टोपी घालील. हा श्लेष माझा असला तरी नियम अस्सल पोथीतला आहे. एवढं पाळून स्पष्ट म्हणायचं, “तू अस्मोडे आहेस.” तो नाकारत नाही, जमिनीपर्यंत वाकतो. जे आहे त्याला नावाने हाक मारायची आणि समोरच्याने ते नाकारायचं नाही. विधीतली सगळ्यांत अवघड गोष्ट ही आहे, आणि ती कातडी पट्ट्याशिवाय, बोडक्या डोक्याने, कोणाशीही करता येते; पण मग राक्षस कशाला, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करा.

तो आलाच नाही तर? मंत्र चढत्या श्रेणीत आहेत: आधी विनंती, मग तंबी, मग शाप. शेवटचा उपाय असा: त्याची मुद्रा काळ्या डबीत घालायची, सोबत गंधक आणि हिंग, डबीला लोखंडी तार गुंडाळायची, तलवारीच्या टोकाला टांगून कोळशाच्या आगीवर धरायची. हिंग! ज्या वासाने राक्षसाने गुडघे टेकावेत अशी त्यांची श्रद्धा, त्या वासावर आपण आमटीला उठून येतो. एकीकडे बांगडा, दुसरीकडे फोडणी. आपल्या स्वयंपाकघरांत हा प्राणी पिढ्यानपिढ्या का फिरकला नसेल, त्याचा उलगडा व्हायला हरकत नाही. आपल्या घरांत जे काही झालं, ते आपणच केलं असणार.

एवढा खटाटोप झेपत नसेल तर जवळची वाट आहे. फ्रान्समधल्या लुदँ गावची. तिथल्या उर्सुलिन मठाची प्रमुख जान देझाँज हिने उर्बँ ग्राँदिए या देखण्या, चळलेल्या म्हणून गाजलेल्या पाद्र्याला मठाचा धर्मगुरू होण्याचं आमंत्रण दिलं. तो नाही म्हणाला. मग तिच्या आणि इतर जोगिणींच्या अंगात राक्षस आले, त्यांत अस्मोडियस होता, आणि ते सगळे ग्राँदिएचं नाव घेऊ लागले. फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याची माणसं तयारच होती. ग्राँदिएने त्यालाही दुखावलेलं होतं. खटल्यात ग्राँदिए आणि सैतान यांच्यातला करारनामा हजर झाला. उलट्या अक्षरांत, खाली राक्षसांच्या सह्या. हाडं मोडेपर्यंत छळूनही ग्राँदिए कबूल झाला नाही. १८ ऑगस्ट १६३४ रोजी त्याला जिवंत जाळलं. आरोपी मेल्यावर अंगात येणं थांबायला हवं होतं. ते १६३७ पर्यंत चाललं, आणि बघायला दूरदूरहून पाहुणे येत. या पद्धतीत सोनं लागत नाही, सिंह लागत नाही, तिथीही बघावी लागत नाही. एक माणूस लागतो.

आधुनिक वाचकांसाठी तिसरी सोय आहे. १९०४ मध्ये अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज मांत्रिकाने मॅथर्स या दुसऱ्या मांत्रिकाचं गोएतियाचं भाषांतर छापलं आणि प्रस्तावनेत लिहून टाकलं, की गोएतियातले आत्मे म्हणजे मानवी मेंदूचे भाग होत. हे सांगायला त्याला स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवराच्या काठावर वाडा घ्यावा लागला. तुमच्या आजीने हेच षड्रिपू या एका शब्दात, भाजी निवडता निवडता सांगितलं असतं. पण आजीच्या म्हणण्याला मुद्रा नसते, त्रिकोण नसतो. तेव्हा क्रोलीच वाचा. मित्रांना सांगताना ‘माझ्या अवचेतनातला अस्मोडे’ असं म्हणा. बायकोला सांगताना मात्र हा शब्दप्रयोग टाळा.

शेवटची एक सूचना तलमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथातून. तिथे त्याचं नाव अश्मेदाय. सॉलोमनच्या माणसाने त्याच्या विहिरीत दारू भरून त्याला बेसावध पकडलं, साखळीने बांधलं आणि जेरुसलेमकडे चालवलं. वाटेत एक जादूगार आपला विधी मांडून बसला होता. त्याला बघून राक्षस हसला. का हसलास, असं नंतर विचारल्यावर म्हणाला, की तो बसला होता त्या जागेखाली राजाचा खजिना होता. आधी आपल्या बुडाखाली काय आहे ते त्याने मंत्राने ओळखायचं होतं.

तेव्हा वर्तुळ आखण्यापूर्वी फरशी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर फोडायला सोसायटीची लेखी परवानगी लागेल. अर्जात कारण ‘गळती’ असं लिहा.