काचेच्या इंजेक्शनाने सात दिवसांत हाड सांधत नाही

आमच्या वाड्यावरचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावरून पडला आणि त्याची नडगी मोडली. डॉक्टरांनी रॉड घालायचं ठरवलं. त्याच संध्याकाळी वहिनी मोबाइल घेऊन आल्या. ‘धातू घातलेल्या नॅनो काचेचं इंजेक्शन! हाड सात दिवसांत सांधतं, धातूमुळे पोलादासारखं होतं, रॉड नको, अपाय शून्य.’ फोंड्यात हा मेसेज घरोघरी पोचलाय. “दादा, ऑपरेशन थांबवू?” त्यांनी विचारलं. म्हणून हे लिहायला बसलो.

हाडाशी जुळणारी काच आहे, हे खरं. अमेरिकी पदार्थशास्त्रज्ञ लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ती बनवली. वजनाने ४५ टक्के सिलिका (वाळूतला मुख्य घटक), बाकी सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची ऑक्साइडं. खिडकीच्या काचेपेक्षा सिलिका बरीच कमी, त्यामुळे ती शरीरातल्या द्रवात हळूहळू विरघळते. तिच्यावर आधी सिलिकाचा जेलसारखा थर येतो, मग हाडातल्या खनिजासारखा कॅल्शियम-फॉस्फेटचा. हाड त्याला घट्ट धरतं.

‘सात दिवसांत सांधतं.’ प्रयोगशाळेत शरीरद्रवासारख्या पाण्यात ठेवलेल्या काचेवर हा थर काही दिवसांत दिसतो. पण थर म्हणजे हाड नव्हे. मोठ्या माणसाची नडगी भरून यायला महिने लागतात.

‘रॉड नको.’ काच ठिसूळ असते आणि नॅनोकण, म्हणजे तिचे अतिसूक्ष्म कण, तर निव्वळ भुकटी. हाडातली पोकळी भरायला ती कामाची, पण नारळ पाडणाऱ्या माणसाचं वजन ती कशी पेलणार? तुकडे जागेवर धरून ठेवायचं काम रॉडचंच.

‘धातूमुळे पोलादासारखं.’ सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. हे धातू ताकदीसाठी घालतच नाहीत. काच विरघळताना त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, थोडेथोडे बाहेर पडावेत, एवढ्यासाठी ते अगदी कमी प्रमाणात घालतात. तांब्याने नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते, चांदी जंतूंना रोखते, स्ट्रॉन्शियम हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देतं आणि हाड झिजवणाऱ्यांना आवरतं. मला स्वतःला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं बघवत नाही.

‘अपाय शून्य’ हेही इथेच कोसळतं. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त, तितके आयन झपाट्याने सुटणार. रक्तवाहिन्यांना बोलावणारं तेच तांबं जास्त झालं की पेशी मारतं. मात्रा नेमकी किती, यावरच सगळी मेहनत चालू आहे आणि धातू घातलेल्या नॅनोकणांचं बहुतेक काम अजून पेशींवर आणि प्राण्यांवर चाललंय.

वहिनींना हे सगळं सांगायला तासभर लागला. ऑपरेशन झालं. परवा त्यांनी दीड महिन्यानंतरचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मोडलेल्या जागेभोवती धुक्यासारखा पांढुरका फुगवटा दिसत होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे नवं हाड ना?” हो, तेच.