ओकचे ओंडके आणि आमचा सभामंडप

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय. जुना दगडी सभामंडप उतरवून स्लॅब, गाभाऱ्यात ग्रॅनाइट आणि उरलेल्या दगडाला ऑइल पेंट. गावाच्या ग्रुपवर मी विरोध केला, तर एका काकांनी लिहिलं, ‘तुला तिकडं बसून संग्रहालय हवंय, आम्हाला देऊळ हवंय.’

काकांचं चुकत नाही. गळक्या मंडपात सप्ताह तेच बसवतात, मी नाही. पण मी राहतो त्या इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये ग्रीनस्टेड नावाचं खेडं आहे. तिथलं चर्च पाहिल्यापासून हे दोनच पर्याय असतात, हे मला पटत नाही.

चर्च बसकं, भोवती थडगी आणि झाडं. मुख्य भागाच्या भिंती म्हणजे उभे चिरलेले ओकचे ओंडके, गोल बाजू बाहेर, सपाट आत. हात ठेवला की बोटं भेगांत जातात. लोक ते ८४५ सालचं मानत. लाकडाची वर्षवलयं तपासल्यावर ते १०६० नंतरच्या पन्नासेक वर्षांतलं निघालं. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेखही शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचाच! ते वाचून मी कितीतरी वेळ त्या भिंतीपाशी उभा होतो.

संघटना बांधली म्हणून १८३४ साली ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलेले टॉलपडल या इंग्लिश खेड्यातले काही शेतमजूर सुटून आल्यावर या भागात राहिले. त्यांतल्या जेम्स ब्राइनचं लग्न १८३९ साली याच चर्चमध्ये लागलं.

आणि हे चर्च जसंच्या तसं राहिलेलं नाही. वेदीकडचा भाग नंतर विटांत बांधला. १८४८ च्या सुमारास ओंडक्यांचे कुजलेले बुंधे कापून ते विटांच्या जोत्यावर बसवले. ओंडके मात्र कुणी फेकले नाहीत. प्रार्थना आजही होते, पण मोठा बदल करायचा तर धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते. आपल्याकडे संरक्षित यादीत नसलेल्या देवळाला विचारणारं सहसा कुणी नसतं, तिथं गावानंच स्वतःला विचारायला हवं.

काका, गळती थांबलीच पाहिजे, स्लॅबही घाला. पण खांब उतरवताना प्रत्येकावर नंबर टाका, त्यांवरच नवा मंडप उभा राहील का ते जाणत्या माणसाकडून पाहून घ्या. दगडाला ऑइल पेंट नकोच. ओल आत अडकते आणि पापुद्रे सुटतात. दाराजवळच्या खांबावर हंसांची रांग आहे, लहानपणी आम्ही तिच्यावरून बोट फिरवत आत जायचो. तो खांब सुखरूप उतरवायला जो खर्च येईल, तो माझ्या नावावर लिहा.