माझ्या गाडीतला तंबोरा

काल संध्याकाळी पार्किंगमध्ये बिल्डिंगमधल्या काकांनी मला गाठलं आणि चेहरा पाडून विचारलं, "तंबोरा काढलात?" तो तंबोरा घालवायला मी तीन रविवार डॅशबोर्डखाली उलटा पडून होतो, आणि तरी चक्क ओशाळून "हो, सॉरी" म्हणालो. सॉरी का म्हणालो ते अजून कळत नाहीये, म्हणून जास्त चिडचिड होतेय.

तर झालं असं की सगळी गाणी गाडीत हवीत म्हणून मी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, डॅशबोर्डमागे बसवला. "फोन ब्लूटूथला जोडायचा की" असं सुचवणाऱ्यांशी मी सध्या बोलत नाही. आयडिया नवी नाही हे मलाही माहितीये, एम्पेग नावाचा लिनक्सवर चालणारा कार प्लेयर 1999 मध्येच निघाला होता, गाडीतून उपसून घरी न्यायचा, गाणी भरायची, परत खोचायचा. पण स्वतः जोडायची खाज वेगळी असते. घरच्यांचंही सहकार्य. "आज पाय उठलाच नाही" असं मी वैतागून म्हणालो तर आईने मलम काढून ठेवलं.

आणि उठणार कसा? गाडीत 12 व्होल्ट, इंजिन चालू असलं की 14 च्या आसपास, पायला हवेत 5, म्हणून मध्ये बक कन्व्हर्टर. स्टार्टर मारला की बॅटरी क्षणभर बसते आणि पाय रीस्टार्ट. किल्ली काढली की वीज एका झटक्यात गुल, शटडाउन वगैरे काही नाही, आणि एसडी कार्डावरच्या फाइलींचा भुगा. दोनदा झाल्यावर कार्ड रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचायचं, लिहायचं नाही असं, करून टाकलं. हे सगळं मी सोडवलं हो, एकट्याने, आणि आजपर्यंत एकाही माणसाने "कार्ड रीड-ओन्ली केलंस? वा!" असं म्हटलेलं नाही.

सुटली नाही ती शिट्टी. गाणं लावलं की मागे बारीक ऊंऊंऊं, ॲक्सिलरेटर दाबला की ऊं वर चढणार, सोडला की खाली. कारण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र. त्यात तयार होते एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज, डायोड तिची एका दिशेने वाहणारी डीसी करतात पण थोडी लाट शिल्लक राहते, आणि पाय एका जागी अर्थ केलेला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या जागी (यालाच ग्राउंड लूप म्हणतात), त्यामुळे ती लाट ऑडिओच्या वायरीतून आत शिरते. पाय पॉवरबँकवर लावला की शिट्टी गायब, गाडीच्या वायरीवर लावला की हजर.

अशीच वैतागून शिट्टी ऐकत बसलो होतो तेव्हा काका काचेपाशी वाकले. म्हटलं आता "रेडिओ लागतो का यात" विचारणार. पण काकांनी डोळे मिटले.

"पांढरी दोन," काका म्हणाले, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी. "जरा चढी आहे."

"काका, तो फॉल्ट आहे."

"सूर आहे हो. एसी चालू आहे का? बंद करा."

गाडीचा एसी बंद केला. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, थोडं उतरलं, शिट्टीही उतरली. काकांनी मान डोलावली आणि दार उघडून थेट शेजारच्या सीटवर येऊन बसले. "आता हळूहळू वर न्या. हळू. ओढू नका. हां... हां... थांबा! पंचम." मी आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या, काट्याकडे बघितलं, 800 वरून 1200 वर आला होता. दीडपट, आणि पंचम म्हणजे सा च्या दीडपटच. "अजून वर." 1600 ला काकांनी मांडीवर थाप मारली, "वरचा सा!" आणि खरंच होतं ते, शिट्टीची फ्रीक्वेन्सी आरपीएमच्या प्रमाणात वाढते, आरपीएम दुप्पट केला की सूर बरोबर एक सप्तक वर. मी तीन आठवडे त्या काट्याला शिव्या घालतोय आणि हा माणूस त्यावर रियाज करतोय.

मग म्हणाले, आता गाणं लावा. लावलं. चार ओळी ऐकून म्हणाले, "गायिका कणसूर आहे." म्हटलं काका, ती नाही, माझी अर्थिंग कणसूर आहे. "तुम्ही तिची बाजू घेऊ नका," काका म्हणाले, "तंबोरा कधी खोटं बोलत नाही." अर्धा तास मी न्यूट्रलमध्ये पेट्रोल जाळत बसलो, का, तर त्यांना रिषभ सापडेना. उतरताना म्हणाले, "छान बनवलंय. हा तंबोरा कुठून डाउनलोड केला?"

परवा मी ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. छोट्याशा डबीत दोन ट्रान्सफॉर्मर, आवाज चुंबकत्वाने पलीकडे जातो, तांब्याच्या वायरीचा थेट संबंध तुटतो, शिट्टी बंद. एकदम बंद. मी एकटाच गाडीत बसून टाळ्या वाजवल्या. पायचा, कार्डाचा, त्या पॅनलच्या तीन तुटलेल्या क्लिपांचा (त्या क्लिपा तुटायलाच बनवतात, यावर एकदा स्वतंत्र लिहायचंय) सगळा हिशोब चुकता झाला असं वाटलं.

आणि काल हे. नुसतं "काढलात?" विचारून थांबले नाहीत, परत आत बसले, एक गाणं ऐकलं, म्हणाले, "खर्जही गेला की हो. पोकळ वाटतंय." मला इतका राग आला. राग याचा की साध्या आयसोलेटरमध्ये ट्रान्सफॉर्मर चिमुकले असतात, खालचे सूर थोडे पातळ होतातच, हे मला माहीत होतं आणि मी ते स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं. एवढी मेहनत केलेल्या माणसाला निदान एक दिवस तरी फसू द्यायचं.

रात्री खाली जाऊन आयसोलेटर काढून बघितला. फक्त बास तपासायला. मग 1200 वर नेलं. पंचम लागतो हे खरंय. काकांना सांगणार नाहीये.