रांगेतल्या त्या भाऊंसाठी, आणि मामाच्या ओल्या सोयाबीनसाठी

आज सातबारा काढायला सेवा केंद्रात गेलो होतो. माझ्यापुढे एक आजी. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. लुगड्याला पुसून ठेवला, लाल. दुसरं बोट, तेही लाल. मशीनवरचा पोरगा म्हणाला, "आजी, अंगठा येऊन नाही राहिला. उद्या या."

"कालबी तू उद्याच म्हनला होता बाप्पा. राखीनं घासले मी बोटं."

चाळीस वर्षं कापूस वेचून त्या बोटांवर रेघा उरणार कशा? बोंडांनी केव्हाच खाल्ल्या. आजी दवाखान्यातल्या फुकट इलाजाचं, आयुष्मानचं कार्ड काढायला आली होती. तिसरी खेप.

मागून एक भाऊ बोलले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सगळं फुकट पाहिजे यायले. अन् आपन भरा टॅक्स." दोघं-तिघं हसले. आजीनं पिशवी गुंडाळली आणि निघून गेली.

मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या भाऊंपेक्षा माझाच राग जास्त येतोय. ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत म्हणून इथे लिहितोय. वाचतील.

फुकट. बरं. तुम्हाला माझ्या मामाची गोष्ट सांगतो.

२०२४ च्या दिवाळीआधी मामाच्या छातीत रात्री कळ आली. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन नुकतंच काढलेलं, खळ्यात ताडपत्रीवर पसरलेलं, अजून ओलं. १०८ आली, तालुक्याला नेलं, तिथं म्हणाले पुढं न्या. पुढं म्हणजे शहरातलं एक खासगी हॉस्पिटल. दारावर सरकारी आरोग्य योजनेचा हा भला मोठा बोर्ड, फोटोसकट. मामाच्या खिशात केशरी रेशनकार्ड. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "तुमचं नाव यादीत नाही. पन्नास हजार भरा, आत घेतो."

मामेभावानं पहाटे व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी देवमाणूस, लगेच आला! ओलावा दाखवून क्विंटलमागं कापला, घाई दिसली म्हणून आणखी कापला. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता. मामाला काय मिळाला ते लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

आता ती 'यादी' काय भानगड आहे ते ऐका, कारण ते मला कळायला आणखी दोन महिने लागले, आणि मी बी.कॉम. आहे.

एक आहे केंद्राची आयुष्मान भारत, २०१८ ची. तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून केलेली होती. त्या वर्षी गणनेवाल्यांनी तुमचं घर कुठल्या रकान्यात टाकलं, त्यावर सगळं. दुसरी आहे राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना. हीच आधी राजीव गांधी जीवनदायी योजना होती. २०१२ ला पहिल्या टप्प्यात विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती हे दोन जिल्हे घेतले होते, पुढच्या वर्षी सगळा महाराष्ट्र. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं अजून 'जीवनदायी' म्हणतात, सेवा केंद्रवाला 'आयुष्मान' म्हणतो आणि हॉस्पिटलवाला 'फुले' म्हणतो. म्हातारा माणूस जीवनदायीचं विचारतो, त्याला सांगतात ती बंद झाली. बंद कुठं झाली? नाव बदललं फक्त! २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्रच चालतात.

आणि फुले योजनेला त्या २०११ च्या यादीची गरजच नाही. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र. पिवळं चालतं, केशरी चालतं. आमचा यवतमाळ आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत, त्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारावर आधीपासून मिळत होतं. जुलै २०२३ ला सरकारनं ठरवलं की राज्यातल्या सगळ्याच रहिवाशांना द्यायचं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ते लागू झालं १ जुलै २०२४ ला. म्हणजे मामा त्या काउंटरवर उभा होता तेव्हा नियमाला तीन-चार महिने होऊन गेले होते. आणि त्या माणसानं त्याला कोणती यादी दाखवली? केंद्राच्या योजनेची.

शिवाय म्हणे, "कार्ड तुमच्या नावावर कुठं आहे, बाईच्या नावावर आहे." अरे, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली मोठी बाईच कुटुंबप्रमुख असते. मामीचं नाव वर असणारच. मामाचं खाली होतं ना, दुसऱ्या ओळीत. वाचायचं तरी.

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसवलेला असतो, याच कामासाठी. आमचे सकाळी दहाला उगवले. कागद बघून म्हणाले, "अरे, हे तर झालं असतं. पण आता कॅशमध्ये नोंद झाली." अँजिओप्लास्टी योजनेत बसते. पेशंटचं जेवण बसतं. परत जायचं गाडीभाडंसुद्धा बसतं. आणि मामाचं सोयाबीन तोवर ट्रॅक्टरमध्ये चढलं होतं.

आता मला विचारा, फुकट कोणाला मिळालं त्या रात्री.

हो, माहीत आहे, लोक खोटी कार्डं काढतात, चार ट्रॅक्टरवालाही त्याच रांगेत असतो. हॉस्पिटलवाले म्हणतात सरकार पैसे उशिरा देतं, पॅकेज परवडत नाही. असेल. मग बोर्ड काढून टाका ना दारावरचा. बोर्ड ठेवायचा, नाव मिरवायचं, आणि रात्री दोनला पन्नास हजार मागायचे, याला काय म्हणतात ते इथे लिहिलं तर पोस्ट उडेल.

(चहा घेऊन आलो. जरा शांत झालो.)

माझ्या ओळखीत ज्यांना हे सगळं माहीत आहे त्यांनी इथून पुढचं सोडलं तरी चालेल. पण माझ्या यादीत पोट्टे आहेत गावातले, ज्यांच्या आईवडिलांच्या हातात स्मार्टफोन नाही. तुमच्यासाठी लिहितो.

पेशंटला नेलं की पहिली गोष्ट, पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्र कुठं आहे ते विचारा. रात्र असो की रविवार, विचारा. दिसला नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन लावा, काउंटरसमोर उभं राहून, मोठ्यानं. अर्धी कामं त्या मोठ्यानं बोलण्यानंच होतात, हा माझा अनुभव. तातडीचा पेशंट असेल तर फोनवर मंजुरी मिळते, कागद मागून देता येतात. मामाच्या वेळी हे कोणी सांगितलंच नाही. आणि हॉस्पिटल योजनेत आहे एवढं पुरत नाही. कोणाकडे हाडांचं असतं, हृदयाचं नसतं. "हा इलाज योजनेत करता का" असा प्रश्न विचारायचा. नुसतं तपासायला गेलात, ओपीडीत दाखवलं, गोळ्या घेतल्या, त्याचे पैसे लागतात, ते योजनेत नाही. यावरून गावात फार भांडणं होतात, आणि तिथं चूक आपली असते.

अन् हे सगळं दुखायच्या आधी. रेशनकार्डाचा बारा आकडी नंबर ऑनलाइन आहे का ते बघून ठेवा. आधारवर वसंता आणि रेशनवर वसंतराव असलं तर आजच दुरुस्त करा. सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर राहिलंय का बघा. आयुष्मान कार्डाला पैसे लागत नाहीत. कोणी शंभर मागितले तर कशाचे ते विचारा.

आता पुन्हा त्या भाऊंकडे. भाऊ, ती आजी सत्तरीच्या वरची आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून, धनत्रयोदशी होती त्या दिवशी, सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत. यादी नाही. रेशनचा रंग नाही. फक्त आधार. म्हणजे तुमच्या वडिलांनाही मिळतं, पेन्शन असली तरी. त्यांचं अजून काढलं नसेल तर मला सांगा, मी येतो. खरंच येतो, टोमणा नाही मारत.

मगाशी मामाला फोन केला होता. म्हटलं, तुझं कार्ड निघालं आता, पुन्हा भरती व्हायची वेळ आली तर ते घेऊन जा. तर म्हणतो, "राहू दे ना गा. ते गरिबाचं असते. आपलं भागलं तेव्हा." ओलं सोयाबीन विकून भागलं म्हणतो! मी तर काही बोललोच नाही पुढं.

आशाताईंशी बोलणं झालंय. त्या म्हणाल्या, अंगठा नाही आला तर चेहऱ्यावरून होतं अॅपमध्ये, माझ्या मोबाईलवर करून देते, त्या आजीला घेऊन या फक्त. सेवा केंद्रातल्या पोराला हे माहीत होतं की नाही, देव जाणे.

आजीचं घर शोधून काढलं. सून म्हणाली, आई सातलाच निघते वेचायला, रोज बुडवत नाही. म्हणजे साडेसहाला जावं लागेल. आशाताईंना तसं कळवलंय, त्या तयार आहेत.