"रिस्टार्ट मारला, आता चालतंय"

अरे पण पडलं कशाने ते बघितलं का कुणी? नाही ना! सर्व्हर आडवा झाला की पहिलं काम काय तर रिस्टार्ट, मग ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस, आणि थ्रेड डम्प (कुठला थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधलं कुठलं काम, कुठे अडकलं होतं त्याची नोंद) कुठाय विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघणार. जावाला मेमरी संपली की हीप डम्प, म्हणजे मेमरीत काय भरलं होतं त्याची फाइल, टाक असं सांगणारा फ्लॅग, म्हणजे सेटिंग, असतो बाबांनो, एक ओळ फक्त, पण तो बाय डिफॉल्ट बंद, आणि प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरला, लावायचा तर म्हणे चेंज रिक्वेस्ट टाका, पुढच्या आठवड्यात बघू! तोवर कोणीतरी अतिशहाणा हीप, म्हणजे जावा आपला डेटा ठेवतो ती मेमरी, वाढवून ठेवतो. कंटेनर, म्हणजे ॲप्लिकेशन चालतं तो डबा, त्याची मेमरीची मर्यादाच ८ जीबी, आणि त्यात हीपच ८ जीबी! मग हीपबाहेर मेमरी खाणारे थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस काय शेजाऱ्यांकडे राहायला जाणार? मर्यादा ओलांडली की लिनक्स येतो, मुकाट ॲप्लिकेशनचा गळा दाबतो, एक्झिट कोड १३७ (जबरदस्तीने मारल्याची खूण), ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये चकार शब्द नाही. मारल्याची नोंद असते तो कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग दाखवा म्हटलं तर ॲक्सेस दुसऱ्या टीमकडे, आणि ती टीम लंचला. वर साहेब कॉलवर विचारतात, रूट कॉज संध्याकाळपर्यंत मिळेल ना? कशातून काढू, पत्रिकेतून?