राजकारण्यांनी विचारलं नसतं, तर लीगने सांगितलं असतं?

सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जवळ आला की एक मत हमखास फिरायला लागतं, आणि अमेरिकेतले आपले लोकही ते हौसेने पुढे ढकलतात. 'डोक्याच्या दुखापतींचा बाऊ राजकारण्यांनी केला. हेल्मेटं आता उत्तम आहेत. खेळाडूंना धोका माहीत असतो, त्याचेच त्यांना लाखो डॉलर मिळतात. जे सुधारायचं ते खेळाने स्वतःच सुधारलं. पुढाऱ्यांनी नाक खुपसून मजा घालवली.' यात एका ठिकाणी थोडं तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी हेल्मेट. कवटी फुटू नये हे त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. 1968 च्या एका मोसमात मैदानावरच्या आघातांनी 36 खेळाडू दगावले होते. पुढे हेल्मेटला दर्जाची कसोटी लागली, 1976 मध्ये डोकं पुढे करून धडक मारण्यावर बंदी आली आणि मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे तिथेही नियमाचा वाटा होताच. पण नारळ जोरात हलवला की करवंटी शाबूत राहते, पाणी मात्र आत डुचमळतं. मेंदूचं तसंच होतं. सीटीई म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू खराब होत जाण्याचा आजार, तर एखाद्या मोठ्या कन्कशनचीही (मेंदूला बसलेल्या जोरदार हिसक्याची) वाट पाहत नाही. 2023 मध्ये 631 मृत खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येपेक्षा आयुष्यभर बसलेल्या एकूण धक्क्यांचा जोर या आजाराशी जास्त जुळतो, असं त्यात दिसलं.

(उलट बाजूचीही एक अतिशयोक्ती फिरते: 'एनएफएलच्या 99 टक्के खेळाडूंना सीटीई होतो.' 2017 च्या अभ्यासात 111 पैकी 110 मेंदूंत तो सापडला हे खरं. पण ते मेंदू दान केलेले होते, आणि दान करणाऱ्या अनेक कुटुंबांना आधीच शंका होती. सगळ्या खेळाडूंचं प्रमाण त्यावरून काढता येत नाही.)

'खेळाडूंना धोका माहीत असतो.' त्यांना तो सांगितला कोणी? एनएफएलमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे सेंटर (आघाडीच्या फळीतले मधले खेळाडू) माइक वेबस्टर 2002 मध्ये पन्नाशीत गेले. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूत सीटीई शोधला आणि 2005 मध्ये शोधनिबंध छापला. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यायची मागणी केली. मेंदूच्या दुखापतींसाठी नेमलेल्या या समितीचं अध्यक्षपद कित्येक वर्षं एका संधिवाततज्ज्ञाकडे होतं! आणि याच वेबस्टर यांचं अपंगत्व खेळताना डोक्याला बसलेल्या माऱ्यामुळे आहे, हे खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळाने 1999 मध्येच मान्य केलं होतं. एका खिडकीवर अर्ज मंजूर, शेजारच्या खिडकीवर 'असं काही होतच नाही'. लाखो डॉलरचं म्हणाल, तर शाळेच्या संघातल्या मुलाला कोण लाखो डॉलर देतं? वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा 13 वर्षांचा मुलगा 2006 मध्ये डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि मरता मरता वाचला. कन्कशनची शंका आली की मुलाला बाहेर काढायचं आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही, हा कायदा तिथे 2009 मध्ये झाला. 2014 पर्यंत सर्व 50 राज्यांनी तसे कायदे केले. ते विधिमंडळांत झाले, लीगच्या कचेरीत नव्हे.

'खेळाने स्वतःच सुधारलं' हा मुद्दा तर तारखांपुढे टिकतच नाही. 28 ऑक्टोबर 2009 ला अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने सुनावणी घेतली. फुटबॉल आणि मेंदूचे आजार यांचा संबंध आहे का, असं लीगचे प्रमुख (कमिशनर) रॉजर गुडेल यांना थेट विचारलं गेलं. त्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. खासदार लिंडा सांचेझ यांनी मग तंबाखू कंपन्यांची आठवण काढली: धूम्रपानाने काही होत नाही, असं त्याही वर्षानुवर्षं सांगत होत्या. महिनाभरात लीगच्या त्या मेंदू-दुखापत समितीच्या दोन्ही सहअध्यक्षांनी पद सोडलं. डिसेंबरमध्ये नियम आला की कन्कशनची ठळक लक्षणं दिसली तर त्या दिवशी खेळाडू परतणार नाही. लीगची ही समिती स्थापन झाली होती 1994 मध्ये. पंधरा वर्षांत जे जमलं नाही ते सुनावणीनंतर दोन महिन्यांत कसं जमलं?

मजा गेली म्हणणाऱ्यांनी प्रेक्षकांना विचारावं. 2023 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिलेल्या 100 टीव्ही प्रक्षेपणांपैकी 93 एनएफएलची होती. 1905 मध्येही खेळ संपल्याची ओरड होती. मोसमात 18 मुलं मेल्याचं वर्तमानपत्रांनी मोजलं होतं, आणि खेळाचे चाहते असलेले राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावलं होतं. नियम पुढच्या वर्षी महाविद्यालयांनीच बदलले. त्यातून आला फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हवेतून पुढे फेकण्याची मुभा, ज्याच्याशिवाय चाल रचणारा आजचा क्वार्टरबॅक म्हणजे नुसता चेंडू देणारा हमाल उरेल.

आता तथ्याचा भाग. राजकारणी बरळतातही. 2017 मध्ये अलाबामातल्या सभेत ट्रम्प यांनी जोरदार टॅकलवर (प्रतिस्पर्ध्याला धडकून पाडण्यावर) दंड देणारे पंच खेळाची वाट लावत आहेत, असं म्हणून टाळ्या घेतल्या. असल्या भाषणांपासून खेळ लांबच बरा. पण सभेतलं भाषण वेगळं आणि नोंद होत असताना विचारलेला प्रश्न वेगळा. मार्च 2016 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) एका चर्चेत खासदार जॅन शाकोव्स्की यांनी लीगचे आरोग्य-सुरक्षा प्रमुख जेफ मिलर यांना फुटबॉल आणि सीटीईसारख्या आजारांच्या संबंधाबद्दल विचारलं. उत्तर 'नक्कीच हो' असं आलं. लीगच्या इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते पहिल्यांदाच उघडपणे मान्य केलं होतं, वेबस्टर गेल्यानंतर चौदाव्या वर्षी.